तळे राखणारे गाव

डिसेंबर-जानेवारीत चेन्नईला पाहुणे आले की तिथली मराठी कुटुंबे त्यांना महाबलीपुरमची मंदिरे दाखवतात, कांचीपुरमला साड्या घ्यायला नेतात. तिसरे नाव निघते ते वेडंतांगलचे. चेन्नईपासून साधारण 75 ते 80 किलोमीटरवर, तिरुची रस्त्याने चेंगलपट्टू ओलांडून पडालमपाशी आत वळले की हे गाव लागते. पाहुणे उत्साहाने निघतात. "अभयारण्य" म्हटल्यावर डोळ्यांपुढे जंगल असते. प्रत्यक्षात भाताची खाचरे लागतात, मग कौलारू आणि सिमेंटची घरे, मग एक मातीचा लांबलचक बांध. बांधावर चढले की पलीकडे पाणी, पाण्यात बुडालेली झाडे आणि त्या झाडांवर, पान दिसू नये इतके पक्षी.

मग हमखास एक प्रश्न येतो: "अहो, हे तर गावचे तळे आहे. एवढे मोठे जग सोडून पक्षी इथेच का येतात? आणि गावाला त्यात मिळते तरी काय?"

या प्रकरणात याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची आहेत. त्यासाठी आधी तळे म्हणजे काय ते समजून घेऊ, मग पाऊस, मग पक्षी, आणि शेवटी माणसे.

1. नाव शिकाऱ्याचे, काम राखणदाराचे

तमिळमध्ये "वेडन्" म्हणजे शिकारी आणि "तांगल" म्हणजे लहान तळे किंवा त्याच्या काठची वस्ती. वेडंतांगल म्हणजे शिकाऱ्याचे तळे. अठराव्या शतकात आसपासचे जमीनदार इथे पक्ष्यांच्या शिकारीला येत. पक्षी तेव्हाही होते, म्हणून तर शिकारी येत होते.

त्याच नावाचे हे गाव आज देशातल्या सर्वांत जुन्या संरक्षित पक्षी-ठिकाणांपैकी एक मानले जाते. शिकाऱ्याच्या गावाची राखणदाराचे गाव म्हणून ओळख झाली, ती कोणा बाहेरच्या संस्थेच्या मोहिमेतून झाली नाही. गावकऱ्यांना स्वतःच्या शेतात काहीतरी दिसले होते, आणि ते त्यांनी दोनशेहून अधिक वर्षे धरून ठेवले. काय दिसले होते ते पुढे येईलच.

2. "एरी" म्हणजे नुसता खड्डा नव्हे

तमिळनाडूत शेतीच्या तळ्याला "एरी" म्हणतात. राज्यात अशी लहानमोठी सुमारे 39,000 तळी असल्याचे सांगितले जाते. चेंगलपट्टूचा भाग तर तळ्यांनी भरलेला आहे. हा प्रदेश जवळजवळ सपाट. आपल्याकडे सह्याद्रीत दोन डोंगरांमध्ये भिंत घातली की धरण होते, तशी सोय इथे नाही. म्हणून शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी दुसरी युक्ती केली. जमिनीला जो किंचित उतार आहे त्याच्या खालच्या बाजूला धनुष्यासारखा वाकडा मातीचा बांध घालायचा. वरून वाहत आलेले पाणी बांधाच्या कुशीत साठते.

एरीचे भाग लक्षात ठेवायला सोपे आहेत, कारण प्रत्येकाला मराठीत जोडीदार शब्द आहे. "करै" म्हणजे बांध. "मदगु" म्हणजे मोरी, जिच्यातून पाणी शेताकडे सोडतात. "कलंगल" म्हणजे सांडवा, जिथून जास्तीचे पाणी बाहेर पडते. "आयकट" म्हणजे त्या तळ्यावर भिजणारे क्षेत्र. आणि "नीरकट्टी" म्हणजे कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे ते पाहणारा गावचा माणूस. धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत जो पाटकरी असतो, तेच हे काम.

आता सांडव्याकडे नीट पाहू. एका एरीच्या सांडव्यातून निघालेले पाणी वाया जात नाही. ते खालच्या गावच्या एरीत जाते. ती भरली की तिच्या सांडव्यातून त्याहून खालच्या एरीत. घरात वरून खाली ओळीने माठ लावून ठेवावेत आणि वरचा भरून वाहू लागला की खालचा भरावा, तशी ही साखळी असते. म्हणून एरी कधीच एकटी नसते. वरच्या गावाने बांध दुरुस्त ठेवला नाही तर तो फुटून खालच्या गावाची एरीही फुटू शकते. इथे शेजारधर्म ही गरज आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढणे, बांध चेपणे, पाट साफ करणे ही कामे गावाने मिळून करायची, या प्रथेला "कुडिमरामत्तु" म्हणतात. "कुडि" म्हणजे रयत आणि "मरामत्तु" म्हणजे आपली मरम्मत. रयतेने केलेली डागडुजी. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे. कोहळी समाजाने बांधलेले ते तलावही गावाच्या हातांनी टिकले, आणि तिथल्या नवेगावबांधसारख्या तलावांवरही पक्ष्यांनी वस्ती केली.

3. पाऊस उलटा, म्हणून ऋतूही उलटा

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे डोक्यातले कॅलेंडर थोडे फिरवायला हवे. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. तो नैर्ऋत्येकडून येतो, सह्याद्रीवर आपटतो आणि बरेचसे पाणी पश्चिमेकडेच सांडतो. तमिळनाडूचा किनारा पश्चिम घाटाच्या पावसाच्या आडोशाला पडतो. तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, बंगालच्या उपसागरावरून ईशान्येचे वारे वाहू लागल्यावर येतो. चेन्नईत वर्षाला सरासरी 1,400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांतच.

म्हणजे आपल्याकडे दिवाळीत शेते पिवळी पडू लागतात तेव्हा वेडंतांगलचे तळे भरू लागते. पक्षी तेव्हाच येऊ लागतात. डिसेंबर-जानेवारीत घरट्यांची गर्दी होते, मार्चपर्यंत पिल्ले उडू लागतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तळ्याचा तळ दिसू लागला की पक्षी निघून जातात.

पक्ष्यांना तारीख कोण सांगते, असे मुले विचारतात. तारीख पक्षी पाहत नाहीत, पाणी पाहतात. लग्नाचा मुहूर्त ठरवताना आपण आधी विहिरीला पाणी आहे का ते पाहत असू, तसेच हे. घरटे बांधण्याआधी झाडांभोवती पुरेसे पाणी साठले आहे का आणि जवळपास पिल्लांना भरवण्याइतके मासे-बेडूक होणार आहेत का, यावर सारे ठरते. 2016 साली तमिळनाडूत ईशान्येचा पाऊस सरासरीपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी कमी पडला. पाऊस असा दगा देतो तेव्हा तळे रिते राहते, आणि रित्या तळ्यावर वीण होत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी मात्र पक्ष्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे, कधी तीस-चाळीस हजारांपर्यंत जाते.

4. पाहुणे कोण आणि घरचे कोण?

एक समज आधी दूर करायला हवा. "हे सगळे पक्षी सायबेरियातून येतात" असे पुष्कळ लोक सांगतात. ते अर्धेच खरे आहे.

झाडांवर घरटी करणारे बहुतेक पक्षी आपल्याच देशातले, फार तर शेजारच्या प्रदेशातले आहेत. गुलाबी पिसांचा आणि पिवळ्या चोचीचा चित्रबलाक. चोचीच्या दोन फाकांत कायमची फट असलेला मुग्धबलाक. पळीसारख्या चोचीचा चमचा. काळ्या मानेचा, खाली वाकलेल्या चोचीचा पांढरा कुदळ्या. पाणकावळे, राखी बगळे, रातबगळे, साधे बगळे. सापासारखी मान पाण्याबाहेर काढणारा तिरंदाज, आणि चोचीखाली पिशवी बाळगणारा झोळीवाला. हे सारे इथे विणीसाठी येतात. वेडंतांगल हे त्यांचे माहेर आहे असे म्हणा ना. बाळंतपणाला यायचे आणि पिल्ले घेऊन परत जायचे.

दुसरा गट हिवाळी पाहुण्यांचा. तलवार बदक, थापट्या, भिवई बदक हे मध्य आणि उत्तर आशियातल्या थंडीतून पळून आलेले असतात. ते इथे खातात, राहतात, पण घरटे करत नाहीत. त्यांची वीण उन्हाळ्यात, उत्तरेत, आपल्या मुलुखात. त्यांना झाडे नको असतात, मोकळे पाणी हवे असते. म्हणून त्यांतले पुष्कळ जण वेडंतांगलपासून काही किलोमीटरवरच्या करिकिलीच्या तळ्यावर दिसतात. करिकिलीचे तळे जास्त मोकळे आणि उथळ आहे.

एका गावाच्या तळ्यात बाळंतपणाची खोली आणि शेजारच्या गावाच्या तळ्यात पाहुण्यांची ओसरी, अशी ही वाटणी आहे.

5. झाड पाण्यातच का हवे?

गावात चिंचेची, कडुलिंबाची झाडे आहेत. त्यांवर घरटी का करत नाहीत? काही पक्षी करतातही. पण मोठ्या वसाहतीला पाण्यातले झाड अधिक पसंत, कारण पाणी हा खंदक आहे.

जुन्या भुईकोट किल्ल्याभोवती खंदक असे, तो शत्रूला भिंतीपर्यंत पोचू न देण्यासाठी. घरट्यातल्या पिल्लांचे शत्रू म्हणजे रानमांजर, मुंगूस, कोल्हा आणि माणूस. पाच-सहा हात पाणी मध्ये असले की यांतले बहुतेक काठावरच थांबतात. वेडंतांगलच्या तळ्यात बॅरिंगटोनिया जातीची झाडे आणि बाभळी आहेत. बॅरिंगटोनियाची मुळे महिनोन्‌महिने पाण्यात राहूनही कुजत नाहीत. बाभळीला काटे असतात, म्हणजे खंदकावर आणखी एक कुंपण.

वसाहतीचा दुसरा फायदा गर्दीत आहे. घारीची सावली पडली की एक पक्षी ओरडतो आणि हजार सावध होतात. शिवाय कोणता थवा पोट भरून परत आला ते बाकीच्यांना दिसते, आणि दुसऱ्या सकाळी ते त्याच दिशेने उडतात. बाजाराहून भरल्या टोपलीने परतणाऱ्या बाईला "आज भाजी कुठे स्वस्त?" असे विचारावे, तसे.

पण या गर्दीची किंमतही आहे. विष्ठेने झाडांची पाने पांढरी पडतात, काही झाडे वठतात. म्हणून तळ्यात नवी झाडे लावत राहावी लागतात. झाडे आपोआप पक्ष्यांना पुरत नाहीत. कोणीतरी ती जगवावी लागतात.

6. तीस हेक्टरांचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो आकड्यांनी पटकन समजतो.

वेडंतांगलचे तळे सुमारे 30 हेक्टरांचे, म्हणजे 75 एकरांच्या आसपास. 30 हेक्टर म्हणजे 3,00,000 चौरस मीटर. समजा तळ्यावर 20,000 पक्षी आहेत. भागाकार केला तर एका पक्ष्याच्या वाट्याला 15 चौरस मीटर येतात. एवढी आपली एक मध्यम खोली असते.

आता समजा प्रत्येक पक्ष्याला स्वतःसाठी आणि पिल्लांसाठी मिळून दिवसाला 300 ग्रॅम खाणे लागते. 20,000 पक्ष्यांना 6,000 किलो, म्हणजे रोज 6 टन. चार महिन्यांत 720 टन. 75 एकरांच्या तळ्यातून एवढे मासे निघणे शक्य नाही.

मग पक्षी जेवतात कुठे? बाहेर. पहाटे थवे उठतात आणि आसपासच्या तळ्यांवर, भाताच्या खाचरांत, पाटांत, पालार नदीच्या पात्रात पांगतात. प्रत्येकाची ताटे वेगळी. चित्रबलाक उथळ पाण्यात चोच उघडी धरून चालतो आणि माशाचा स्पर्श झाला की मिटतो, म्हणून त्याला गुडघाभर पाणी लागते. झोळीवाला पोहत मासे झोळीत गोळा करतो, त्याला खोल पाणी हवे. मुग्धबलाकाचे मुख्य अन्न गोगलगायी. त्याच्या चोचीतली ती फट गोगलगायीच्या शंखातले मांस काढण्यासाठी कामी येते. भाताच्या कोवळ्या रोपांना गोगलगायी त्रास देतात, तेव्हा हा पक्षी शेतकऱ्याचा बिनपगारी गडीच झाला.

संध्याकाळी सारे परत येतात. जेवण बाहेरचे, पण विष्ठा पडते ती तळ्यात. तिचाही हिशेब करू. समजा एका पक्ष्याची दिवसाची विष्ठा सुकवून 10 ग्रॅम भरते. 20,000 पक्ष्यांची झाली 200 किलो. 120 दिवसांत 24,000 किलो, म्हणजे 24 टन. त्यात दहावा हिस्सा नत्र धरला तर 2,400 किलो नत्र. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20 किलो 700 ग्रॅम. भागाकार केला की सुमारे 116 पोती होतात. यातले अर्धे हवेत उडाले किंवा गाळात अडकले असे धरले तरी 58 पोती उरली. शिवाय स्फुरद वेगळे. यातले मूळ आकडे आपण हिशेबासाठी धरलेले आहेत, पण गोष्टीचा आकार त्यांतून कळतो.

मोरी उघडली की हे खत पाण्यातून थेट शेतात जाते. पोते उचलायला नको, फोकायला नको. वेडंतांगलचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे की या तळ्याच्या पाण्यावर भात चांगला येतो. शाळेत नत्राचे चक्र शिकवण्याआधी त्याला हे शेताने शिकवले होते. गावाला काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर हे. चारही दिशांना विखुरलेले खत गोळा करून आपल्या तळ्यात आणून टाकणारे हजारो मजूर त्याला मिळतात, आणि त्यांची मजुरी एकच: शांतता.

7. कौल

आता माणसांकडे वळू. अठराव्या शतकाच्या शेवटी हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होता. अर्काटच्या नबाबाने तो कंपनीला दिला होता, म्हणून कागदोपत्री त्याला "जागीर" म्हणत. 1794 ते 1798 या काळात लायोनेल प्लेस हा जागिरीचा कलेक्टर होता.

गावात सांगतात की त्या काळी काही गोऱ्या शिपायांनी तळ्यावर बंदुका चालवून पक्षी मारले. गावकरी चिडले. ते कलेक्टरच्या कचेरीत गेले आणि त्यांनी मागणी केली की या तळ्यावर पक्षी मारू न देण्याचा आमचा जुना हक्क लिहून द्या. 1798 च्या सुमारास तो लिहून मिळाला. त्या कागदाला नाव होते "कौल".

मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. ओसाड गाव वसवताना रयतेला दिला जाई तो कौल. सारा इतकाच घेऊ, त्रास देणार नाही, निर्धास्त राहा, असे अभयवचन. कोकणात देवाला लावतात तोही कौलच. दख्खनच्या कारभारातून हा शब्द तमिळ मुलखापर्यंत गेला आणि इंग्रजांनीही तोच उचलला. वेडंतांगलमध्ये मात्र तो कौल पक्ष्यांसाठी घेतला गेला. पाखरांना अभय मिळावे म्हणून रयतेने सरकारकडून लेखी वचन घेतल्याचे असे उदाहरण दुर्मिळच.

याच प्लेससाहेबाची दुसरी आख्यायिका जवळच्या मदुरांतकम गावात ऐकायला मिळते. तिथे चोळकालीन मोठी एरी आहे, आणि तिच्या बांधालगत रामाचे देऊळ. एरीचा बांध दर पावसाळ्यात फुटे. देवळातल्या पुजाऱ्यांनी प्लेसकडे सीतामाईच्या देवळासाठी पैसे मागितले. तो म्हणाला, तुमचा देव बांध राखील तर देऊळ मी बांधून देईन. मुसळधार पावसाच्या रात्री तो पाहायला गेला, तेव्हा बांधावर धनुष्यबाण घेतलेले दोन तरुण पहारा देताना त्याला दिसले. बांध टिकला. त्याने शब्द पाळला, आणि त्याच्या नावाचा कोरीव लेख आजही देवळात आहे. त्या देवाला लोक "एरी कात्त रामर" म्हणतात, म्हणजे तळे राखणारा राम.

आख्यायिकेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण तिच्यातून एक गोष्ट स्वच्छ कळते: या भागात तळे राखणे हे देवालाही शोभणारे काम मानले गेले. आपल्याकडे "तळे राखील तो पाणी चाखील" अशी म्हण आहे. ती आपण बहुधा अधिकाऱ्याच्या हातचलाखीला लावतो. या मुलखात तिचा सरळ अर्थ जगून दाखवलेला आहे.

8. आणखी एक गाव, समुद्रापलीकडचे

असे गाव जगात एकच आहे का? नाही. इंडोनेशियातल्या बाली बेटावर उबुदजवळ पेटुलू नावाचे लहान खेडे आहे. रोज संध्याकाळी हजारो पांढरे बगळे भाताच्या शेतांवरून उडत येतात आणि गावच्या रस्त्याकडेच्या झाडांवर उतरतात. तिथे त्यांना "कोकोकान" म्हणतात.

गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार हे बगळे मोठ्या संख्येने 1965 च्या शेवटी येऊ लागले. त्याच सुमारास इंडोनेशियात राजकीय हत्याकांड झाले आणि बालीतही हजारो माणसे मारली गेली. हे बगळे म्हणजे त्या मृतांचे आत्मे, असे तिथले पुष्कळ लोक मानतात. म्हणून त्यांना कोणी इजा करत नाही.

दोन्ही गावांत सारखे काय आहे ते पाहू. दोन्हीकडे भात आहे. बालीत शेताचे पाणी "सुबक" नावाच्या शेतकऱ्यांच्या मंडळांकडून वाटले जाते. या पद्धतीला 2012 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. म्हणजे पाणी मिळून वाटण्याची सवय दोन्हीकडे जुनी. वेगळे आहे ते कारण. वेडंतांगलने पक्षी राखले ते शेतात फायदा दिसला म्हणून, पेटुलूने राखले ते गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी. यावरून एक शिकता येते. पक्षी वाचवायला सगळीकडे एकच कारण लागत नाही. कुठे पीक, कुठे श्रद्धा, कुठे शोक. गावाला आपले वाटेल असे कारण मात्र लागते.

9. कागद आणि वर्तुळ

कौलानंतर कागद वाढत गेले. 1936 मध्ये वेडंतांगलला अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. 1962 मध्ये मद्रास वन कायद्याखाली त्याला संरक्षण मिळाले. 1972 मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1998 च्या अधिसूचनेने तळे आणि त्याभोवतीचा 5 किलोमीटरचा परिघ अभयारण्यात आला. 2022 मध्ये वेडंतांगल आणि करिकिली ही दोन्ही तळी रामसर यादीत गेली. इराणमधल्या रामसर शहरात 1971 साली पाणथळ जागा राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव.

यांतला 5 किलोमीटरचा आकडा पुन्हा पाहू, कारण खरी लढाई तिथे आहे. 5 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे 78 चौरस किलोमीटर, म्हणजे 7,800 हेक्टर. तळे 30 हेक्टरांचे. म्हणजे तळ्याच्या 260 पट जागा तळ्याबाहेर आहे. सहाव्या भागातल्या हिशेबाने पक्ष्यांचे ताट तिथेच वाढलेले असते. नुसते तळे कुंपण घालून राखले आणि भोवतालची खाचरे, पाट, लहान एरी बुजवल्या, तर निजायला घर उरेल पण चूल विझलेली असेल.

चेन्नई दक्षिणेकडे वेगाने पसरते आहे. महामार्गालगत कारखाने, गोदामे, घरांच्या वसाहती चेंगलपट्टूपर्यंत आणि पुढे पोचल्या आहेत. 2020 मध्ये हा परिघ 5 वरून 3 किलोमीटरवर आणण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा गावकरी, पक्षी-अभ्यासक आणि चेन्नईतले नागरिक यांनी कडाडून विरोध केला. 5 चे 3 झाले तर फरक दोनाचाच, असे ऐकताना वाटते. हिशेब केला तर कळते की 3 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ 28 चौरस किलोमीटरचे असते. 78 चे 28. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश जागा जाते. वर्तुळाची त्रिज्या थोडी कमी झाली की क्षेत्र खूप कमी होते, हे शाळेत शिकलेले गणित नागरिकाला कुठे लागते त्याचे हे उदाहरण.

या वर्तुळात शेतकरीही राहतात. त्यांना विहीर खोदायची असते, घर वाढवायचे असते, मुलांना नोकरी हवी असते. त्यांच्यावर बंधने लादून पक्षी राखणे न्यायाचेही नाही आणि टिकणारेही नाही. गावाच्या हिताचे जे कारण दोनशे वर्षे पुरले, ते आजच्या भाषेत पुन्हा उभे करावे लागेल: तळ्यातला गाळ वेळेवर काढणे, पाट मोकळे ठेवणे, पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या पैशातला वाटा गावात राहील हे पाहणे.

10. दिवाळीची रात्र

तमिळनाडूत दीपावली ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे नेमकी पक्षी तळ्यावर उतरू लागतात तेव्हा. पहाटे तेल लावून आंघोळ, नवे कपडे, गोडधोड आणि फटाके हा तिथला सण. वेडंतांगलमध्ये मात्र फटाके वाजवत नाहीत. नव्याने उतरलेला थवा एका धमाक्याने उठला तर दुसरे तळे शोधील, हे गावाला ठाऊक आहे. लहान मुलांसाठी हा त्याग लहान नाही. ती तो करतात, कारण त्यांच्या आईवडिलांनी केला होता.

आता आपल्याकडे पाहू. इंदापूर तालुक्यात भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात. कित्येक गावांत देवळाच्या पिंपळावर, चावडीच्या चिंचेवर बगळे आणि पाणकावळे वसाहत करतात. महाराष्ट्रात बगळ्यांची वीण पावसाळ्यात होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत "घाण होते" म्हणून किंवा विजेच्या तारांसाठी फांद्या छाटल्या जातात. अंडी आणि पिल्ले फांदीबरोबर खाली येतात.

तेव्हा वाचकाला एकच विनंती. आपल्या गावात किंवा गल्लीत पक्षी कोणत्या झाडावर घरटी करतात ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि एका वहीत लिहून ठेवा. त्या झाडाची छाटणी पिल्ले उडून जाईपर्यंत थांबवायला ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी अर्ज करा. वेडंतांगलच्या शेतकऱ्यांनी कलेक्टरच्या कचेरीत जाऊन हेच केले होते.